दहीहंडी कुणी चोरली नाही, आणि तिकडची पोरं हेल्मेट घालतात

परवा रात्री साडेअकराला आमच्या घरच्या ग्रुपवर धाकट्या भावाने एक मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, "दादा, तू तिकडे स्पेनला होतास ना दोन वर्षं, सांग आता हिला." हिला म्हणजे त्याच्या बायकोला. पुतण्या बारा वर्षांचा आहे, अंगाने हलका, त्यामुळे गल्लीतल्या पथकाने यंदा त्याला एक्का, म्हणजे सगळ्यात वरच्या टोकाचा, म्हणून घ्यायचं ठरवलंय, आणि त्याची आई म्हणतेय की हेल्मेट आणि दोर नसेल तर माझं पोर वर जाणार नाही. तिचं तोंड बंद करायला भावाला हा फॉरवर्ड सापडला. तो मलाही नंतर चार ठिकाणांहून आला, एकदा तर ऑफिसच्या ग्रुपवर, म्हणजे बऱ्यापैकी फिरतोय.

ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मथळा असा, "जागे व्हा, स्पेनने आपली दहीहंडी चोरली." मग मुद्दे. पोर्तुगीजांनी गोव्यातून गोविंदा युरोपात नेला आणि कॅटलोनियात, म्हणजे स्पेनच्या ईशान्य भागात, तो आजही होतो. तिथल्या माणसांच्या मनोऱ्याला 'कास्टेल' म्हणतात, तो शब्द मुळात 'कंसस्थल'. सगळ्यात वर चढणारं पोर म्हणजे बाळकृष्ण, ते हात वर करतं ती बासरीची मुद्रा, आणि खाली चक्क सनई वाजते. युनेस्कोने २०१० ला आपला वारसा स्पेनच्या नावावर केला. आपली रंगपंचमी आणि होळीसुद्धा त्यांनी नेली. आणि शेवटी, तिकडे पाच-सहा वर्षांची पोरं हेल्मेटशिवाय दहा थर चढतात, कोर्ट नाही, वयाची अट नाही, बंधनं फक्त आपल्याच सणाला.

हा शेवटचा मुद्दा सगळ्यात घातक आहे, माझं मुख्य बोलणं त्याच्यावरच आहे. पण आधीचे उरकतो, कारण ते खरे मानले की शेवटचाही आपोआप खरा वाटायला लागतो.

पोर्तुगीजांचं बघू. कॅटलोनिया पोर्तुगालमध्ये नाही. पोर्तुगाल अटलांटिकच्या काठाला, कॅटलोनिया भूमध्य समुद्राच्या काठाला, मध्ये अख्खा स्पेन आडवा. पोर्तुगीजांनी गोव्यातून गोविंदा उचलून नेला असता तर तो आधी लिस्बनला दिसायला हवा होता, तारागोनाजवळच्या वाल्स नावाच्या गावात कशाला? वाल्स हेच कास्टेलचं मूळ गाव, समुद्रावर पण नाही, थोडं आत डोंगरांकडे. आणि ज्या पोर्तुगीज राजवटीने १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, चालवलं, देवळं पाडली, हिंदूंच्या सणांवर, लग्नांवर बंदी घातली, ती राजवट आपला गोपाळकाला कौतुकाने घरी घेऊन जाईल? आपल्याच माणसांनी तेव्हा काय सोसलं ते विसरल्याशिवाय हे वाक्य लिहिताच येत नाही, आणि लिहिणारा स्वतःला धर्माभिमानी म्हणवतो.

आता कुणीतरी म्हणेल की १५८० ते १६४० स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता. होता, मान्य. पण त्यानंतर दीडशे वर्षं वाल्समध्ये मनोऱ्याचं नावनिशाण नाही. कास्टेल तिथे उभे राहायला लागले अठराव्या शतकाच्या शेवटाला आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला. ते कुठून आले हेही तिथले लोक लपवत नाहीत. शेजारच्या व्हॅलेन्सियाकडचा एक नाच होता, त्याला त्या भागात 'व्हॅलेन्सियावाल्यांचा नाच' असंच म्हणायचे, मिरवणुकीत नाचायचे आणि शेवटी एकमेकांच्या खांद्यावर चढून छोटासा मनोरा करायचे. व्हॅलेन्सियातल्या अल्जेमेसी गावात त्याचा भाऊबंद मुइशेरांगा आजही दर सप्टेंबरला गावच्या देवीच्या, म्हणजे मेरी मातेच्या उत्सवात होतो. वाल्समध्ये झालं असं की दोन गटांत चुरस लागली, यांनी सहा केले तर आम्ही सात, आणि हळूहळू नाच मागे पडून मनोराच मुख्य झाला. चुरशीने थर वाढतात हे लालबाग-परळच्या माणसाला समजवायला नको. वाल्समध्ये ते दोन गट आजही आहेत, एकाचे शर्ट गुलाबी, दुसऱ्याचे लाल, आणि दर ऑक्टोबरला संत उर्सुलाच्या उत्सवात दोघं समोरासमोर उभे राहतात.

माणूस माणसाच्या खांद्यावर उभा राहिला हे जगात दोन ठिकाणी आपापलं सुचू शकतं. उंचावरचा आंबा काढायला कोकणातली पोरंही तेच करतात, त्यांना कुणी शिकवलं?

'कंसस्थल'. हे वाचून मी खरंच फोन खाली ठेवला. कास्टेल म्हणजे किल्ला, बस. लॅटिनमध्ये कास्टेलुम, इंग्रजीत कॅसल, पोर्तुगीजमध्ये कास्तेलो, सगळा एकाच घरातला शब्द आहे. आपल्या मुंबईत फोर्ट भागाचं फोर्ट हे नाव ज्या किल्ल्यावरून पडलं त्याच्या पोटातलं बॉम्बे कॅसल, त्यातला कॅसल तोच. मग बॉम्बे कॅसलही कंसाचं स्थळ म्हणायचं का? ध्वनी जुळला की मूळ संस्कृत, ही खोड मराठी ग्रुपांवर इतकी मुरलीय की कुणाला शब्दकोश उघडावासाही वाटत नाही. संस्कृत इतकी मोठी भाषा आहे, तिला असल्या आधाराची गरज नाही, उलट अशाने तिची किंमत कमी होते. आणि जरा विचार करा, आपल्या हंडीत कंस येतो कुठे? हंडी गोकुळातली, लोण्याची, शिंक्यावरची. कंस मथुरेला. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला स्वतःची गोष्ट पण धड माहीत नाही.

बाळकृष्णाचं तेच. सगळ्यात वर जाणाऱ्या पोराला तिकडे एन्शानेता म्हणतात, मुलगा किंवा मुलगी, हल्ली मुलीही खूप असतात. ते पोर टोकाला पोचलं की एक पाय पलीकडे टाकतं, हात वर करतं आणि दुसऱ्या बाजूने उतरायला लागतं. हात वर झाला म्हणजे मनोरा पुरा झाला अशी ती खूण, आपल्या सलामीसारखी. चार बोटं म्हणजे कॅटलान झेंड्यावरचे चार पट्टे असंही काहीजण सांगतात. बासरी कुठेच नाही.

सनईचं मात्र थोडं खरं आहे, ते कबूल करतो. खाली जे वाद्य वाजतं त्याचं नाव ग्राया, लाकडी, जिभाळीचं, आवाज सनईपेक्षा कर्कश, आणि पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही एकदम लग्नाचा मांडव आठवला होता. ही सगळी वाद्यं एकाच मोठ्या कुळातली, पश्चिम आशियातल्या सुरनाईची भावंडं, ती इकडेही आली आणि तिकडेही गेली. पण याचा अर्थ ग्राया आपली चोरली असा होत नाही. आणि ग्राया तिथे नुसती शोभेला नसते. पिन्यातल्या, म्हणजे मनोऱ्याच्या खालच्या घोळक्यातल्या, माणसाला वरचं काहीच दिसत नाही, कोणता थर चढला, पोर टोकाला पोचलं का, उतरायला लागलं का, हे त्याला सुरांवरूनच कळतं. युनेस्कोच्या नोंदीतही लिहिलंय की मनोरा कोणत्या लयीत उभा राहायचा ते ग्राया ठरवते.

युनेस्कोचा विषय निघालाच आहे तर, ती नोंद त्यांच्या वेबसाइटवर कुणालाही वाचता येते, पाच मिनिटांचं काम आहे. कास्टेल वारशाच्या यादीत आले नोव्हेंबर २०१० मध्ये, नैरोबीच्या बैठकीत. त्याच बैठकीत, त्याच वर्षी, भारताचे छाऊ, कालबेलिया आणि केरळचं मुडियेट्टू यादीत आले. ज्या टेबलावर आपला वारसा चोरला म्हणता त्याच टेबलावर आपल्या तीन कला नोंदल्या गेल्या. नंतर २०२१ ला दुर्गापूजा आली, २०२३ ला गरबा आला. ती यादी म्हणजे पेटंट नाही, एकाला दिलं म्हणून दुसऱ्याचं जात नाही, देशाने आपला अर्ज करायचा असतो. गोपाळकाल्याचं नाव तिथे हवं असेल तर मलाही हवंय, त्यासाठी कागद जमवावे लागतात, स्पेनला शिव्या देऊन होणारं काम नाही ते.

फॉरवर्डमधला रंगपंचमीचा फोटो टोमॅटो एकमेकांना मारायच्या खेळाचा आहे. ती तोमातिना, व्हॅलेन्सियातल्या बुन्योल गावात होते, १९४५ ला पोरांच्या मारामारीतून सुरू झाली, कॅटलोनियाशी संबंध नाही. होळी म्हणून दाखवलेला जाळ २३ जूनच्या रात्रीचा, संत जॉनच्या आदल्या रात्रीचा, तो अर्ध्या युरोपात पेटतो. पुढे.

आता हेल्मेट.

मी तारागोनाजवळ एका प्लांटच्या प्रोजेक्टवर दोन वर्षं होतो. कंपनीतला एक माणूस गावच्या पथकात होता, मी दहीहंडीच्या गावचा आहे म्हटल्यावर तो मला शुक्रवारी रात्री सरावाला घेऊन गेला, आणि मग मी जमेल तेव्हा जातच राहिलो. पहिल्या दिवशी त्यांनी मला कमरेला फाशा बांधायला शिकवलं. फाशा म्हणजे काळा लांबलचक कापडी पट्टा, किती तरी मीटरचा. एक टोक समोरचा माणूस ताणून धरतो आणि आपण स्वतःभोवती गिरक्या घेत त्याच्याकडे जायचं, म्हणजे तो घट्ट बसतो. तो पाठ सांभाळतो, आणि वर चढणारा त्याच पट्ट्यात पाय रोवून चढतो. माझा तीनदा सैल बांधला गेला, तीनदा सोडून परत बांधायला लावला, आणि तोपर्यंत मला पिन्यात घेतलं नाही. पिन्या म्हणजे खालचा घोळका, मोठ्या मनोऱ्याला कित्येक शे माणसं असतात, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली, नाव घेऊन बोलावतात. हात पुढे, पुढच्याच्या पाठीवर, मान खाली, गाल त्याच्या पाठीला टेकलेला. वर बघायचं नाही. मी सवयीने वर बघितलं तर शेजारच्या बाईने हाताने माझं डोकं खाली दाबलं. कारण मनोरा कोसळला तर माणसं पिन्यावरच पडतात, पिन्या हीच गादी, आणि वर बघणाऱ्याची मान मोडते.

फॉरवर्ड म्हणतो की तिकडे पाच-सहा वर्षांची पोरं वर जातात. जातात. हे खरं आहे आणि मला ते आजही पूर्ण पटत नाही, तिथेही त्यावर वाद होतात. पण 'हेल्मेटशिवाय' हे धादांत खोटं आहे. २००६ साली मातारो गावच्या पथकातली बारा वर्षांची मुलगी मनोऱ्यावरून पडली आणि गेली. बारा वर्षांची. माझ्या पुतण्याएवढी. त्या वर्षानंतर वरच्या पोरांच्या डोक्यावर हेल्मेट आलं आणि ते आता प्रत्येक पथकात असतंच. बाईकचं कडक हेल्मेट नव्हे, हलकं आणि मऊ, म्हणजे पडताना खालच्याच्या तोंडावर बसलं तरी त्याला इजा होऊ नये. कुठलाही अलीकडचा व्हिडिओ काढा, वरच्या पोरांची डोकी बघा. फॉरवर्डमधला फोटो हेल्मेट येण्याच्या आधीचा असणार, नाहीतर डोकंच कापलंय, मला दुसरं कारण दिसत नाही.

आणि नुसतं हेल्मेट नाही. सीझन एप्रिलच्या आसपास सुरू होतो, नोव्हेंबरपर्यंत चालतो, आठवड्यातून दोनदा सराव. सरावात उंच थर लावताना खाली जाळी बांधतात. पोराला वर जायचं नसेल तर ते तसं सांगतं आणि विषय संपतो. माझ्यासमोर एक छोटी मुलगी पाचव्या थरापर्यंत गेली, थांबली, मान हलवली आणि उतरली. पथकप्रमुखाने तिला उचलून घेतलं, तिच्या डोक्याचं हेल्मेट काढून तिचा घाम पुसला आणि म्हणाला पुढच्या आठवड्यात बघू. कुणी "चढ चढ" म्हणून ओरडलं नाही. आपल्याकडे खाली हजार माणसं ओरडत असताना आणि डीजे वाजत असताना रडणाऱ्या पोराला ढकलून वर पाठवलेलं मी लहानपणापासून बघितलंय, आपण सगळ्यांनीच बघितलंय.

अजून एक गोष्ट जी मला तिथे शिकायला मिळाली. त्यांच्यात मनोरा नुसता लागून चालत नाही, उतरवावा लागतो. पोराने हात वर केला पण उतरताना कोसळलं तर तो अर्धाच धरतात, त्याचे गुण कमी, त्याचं नावही वेगळं. सगळे थर शिस्तीत खाली आले तरच तो पूर्ण. आणि थरथर जास्त वाटली तर पथकप्रमुख अर्ध्यातून उतरवायला सांगतो, त्यात लाज मानत नाहीत. २०१८ च्या ऑक्टोबरात मी तारागोनाच्या स्पर्धेला गेलो होतो, दर दोन वर्षांनी जुन्या बैलझुंजीच्या रिंगणात होते ती. एका पथकाचा मनोरा वरून डुलायला लागला, ग्राया वाजत होती, आणि एका क्षणात सगळं खाली. त्याला ते लोक 'लाकडं झाली' म्हणतात. हजारो माणसांचं ते रिंगण एकदम गप्प. लोक आधी पोरांना शोधायला लागले, हेल्मेटवाली डोकी वर आली, एक, दोन, तीन, आणि मग टाळ्या. त्या शांततेत माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने माझा दंड घट्ट धरला होता, पोरं दिसेपर्यंत सोडला नाही. ओळख ना पाळख.

त्यांचं एक बोधवाक्य आहे, ताकद, तोल, धैर्य आणि शहाणपण. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला पहिली तीन दिसली.

"बंधनं फक्त आपल्याला", हे पण तपासू. २०१४ ला मुंबई हायकोर्टाने १८ वर्षांखालच्यांना बंदी आणि २० फुटांची मर्यादा घातली होती, २०१६ ला सुप्रीम कोर्टातही ती राहिली. पण २०१७ ला हायकोर्टाने उंचीची मर्यादा काढली, आणि १४ वर्षांखालच्या मुलांना घेणार नाही असं सरकारनेच कोर्टात सांगितलं. २०२२ ला सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. म्हणजे आज उंचीवर बंधन नाही, आणि २०२५ ला ठाण्यात दहा थरही लागले. कोण दाबतंय आपल्या सणाला? राहिलं मुख्य बंधन १४ वर्षांचं, आणि आमचा पुतण्या बाराचा आहे. म्हणजे भाऊ जे करायला निघालाय ते हेल्मेट घालूनसुद्धा चालणार नाही.

मी गोविंदाच्या विरोधात नाही. कॉलेजात असताना चार वर्षं मी तिसऱ्या थराला होतो, माझ्या डाव्या खांद्याला अजून थंडीत कळ येते. १० ऑगस्ट २०१२ ला ठाण्यात जय जवान पथकाने नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा गिनीज रेकॉर्ड केला, त्याआधी तो रेकॉर्ड वाल्सच्याच जुन्या पथकाच्या नावावर होता, १९८१ चा. तेव्हा आमच्या चाळीत आम्ही रात्री दोनपर्यंत नाचलो. तिकडच्या पथकात मी ही गोष्ट सांगितली तर ते लोक चिडले नाहीत, मोबाईलवर व्हिडिओ लावायला सांगितला आणि सगळे गोल करून बघत बसले. कुणीतरी विचारलं, तुमची वरची माणसं इतकी मोठी कशी, खालचे वजन कसं घेतात? आणि एका आजीने विचारलं, त्यांच्या डोक्यावर काही नाही? तिला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नव्हतं. तिकडची पथकं ठाण्याला दहीहंडीला पाहुणी म्हणून येऊन थर लावून गेलेली आहेत, त्यांचं स्वागतही आपण मनापासून केलं. दोन ठिकाणची माणसं एकमेकांचं बघून टाळ्या वाजवतात, आणि मध्ये बसून कुणीतरी चोरीचा मेसेज बनवतो.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, इतकं लांब नाही, पण लिहिलं. भावाने निळी टिक दिली, उत्तर नाही. त्याच्या बायकोचा मात्र वेगळा फोन आला, तिने एवढंच विचारलं की भाऊजी, त्या मातारोच्या मुलीचं वय नक्की बाराच होतं ना. हो म्हटलं. आज रात्री नऊ वाजता मैदानात पथकाचा सराव आहे, तिथे मी जातोय, पथकप्रमुखाला मी लहानपणापासून ओळखतो, त्याच्याशी बोलून पोराला यंदा थरांच्या बाहेर माझ्यासोबत उभं करणार आहे, चौदाचा झाला की खाली बेसला मान खाली कशी ठेवायची ते मीच शिकवीन त्याला.